डोलीतली शालन

जेवून आडवं झालं की शालनताई टिकेकरांना अशी झोप लागते की उशाशी ढोल वाजवला तरी उठायच्या नाहीत. आज मात्र डोळे मिटलेत आणि आत सगळं टक्क जागं आहे. ठकूबाई ढेब्यांच्या पडवीत घोंगडी अंथरलीय, उशाशी पाण्याचा तांब्या आहे, अंगणात काहीतरी वाळत घातलंय आणि कोंबड्यांना हाकलायला ठकूबाई मधूनच हुश्श करतेय. झोप पडवीच्या पायरीपर्यंत येते, जरा थांबते आणि परत जाते.

येणार कशी? शालनताई एक वाक्य घोटतायत. 'मला कधी काही झालंच नव्हतं. माझे पाय ठणठणीत होते आणि आहेत. तुमचे मास्तर तुमच्याशी चौदा वर्षं खोटं बोलले.' आज दिवस कलला की गाव त्यांना अभयारण्यातल्या रानजाईच्या राईत नेणार आहे. तिथे देवीपुढे, सगळ्यांच्या समोर, शालनताईंना तोंडाने बोलायचं आहे आणि बोलायचं म्हणजे हेच बोलायचं, असं त्यांनी ठरवलंय. जितकं घोटावं तितकी वाक्याला धार येते. आणि खोटं कशाला सांगा, त्यांना त्यात गोडी वाटतेय.

मत्सर वाईट, असं सगळे म्हणतात. पण ज्याला होतो त्याला विचारा. नवरा गेल्यावर सोळा महिने ज्या बाईला खिडकीचा पडदा सरकवायचा कंटाळा यायचा, तिला याच मत्सराने सांगलीहून उठवलं, दोन एसट्या बदलायला लावल्या आणि दीड तासाची चढण चढवून सातविण्यात आणून बसवलं.

सातविणे म्हणजे बावीस उंबरे. मागे अभयारण्याचं जंगल आणि त्याच्याही वर कातळाचा उघडा सडा. मुकुंदराव टिकेकर शाळेत ड्रॉइंग मास्तर. पाऊस सरून अभयारण्याचं फाटक उघडलं की दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आठ दिवस रजा टाकायचे आणि सड्यावरची फुलं कागदावर उतरवायला इथे यायचे. एकटे. शालनताईंनी 'मीही येते' म्हटलं की कारण तयार. कधी तिथे न्हाणीघर नाही, कधी वाटेत जळवा, कधी वाट निसरडी, आणि काहीच सुचलं नाही की बिबट्या. एखादा नवरा वर्षानुवर्षं बायकोला बिबट्याची भीती घालतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे कळायला बाईला शाळेत जावं लागत नाही.

मुरतंय तिथे कोण असेल, याचंही शालनताईंनी चित्र काढून ठेवलं होतं. तरतरीत, चाळिशीची, गजरेवाली. काल दुपारी चढण चढून त्या धापा टाकत दाराशी आल्या, तर समोर ठकूबाई. पासष्टीची, पुढचे दोन दात पडलेली, हाताला शेण. ओळख सांगितली मात्र, बाईने हात पदराला पुसले, खाली बसली आणि शालनताईंचा उजवा गुडघा दोन्ही हातांनी चाचपायला लागली. मग रडायलाच लागली. घटकाभरात सगळं गाव अंगणात. कुणी पाय बघतंय, कुणी टाच बघतंय, आणि जो तो म्हणतोय, वैनी चालत आली.

ऐकावं ते नवलच. मुकुंदरावांनी इथे सांगून ठेवलं होतं की बायको उजव्या पायाने अधू आहे, चालू शकत नाही. आणि सातविण्याची रीत अशी की पायाचं दुखणं हटत नसेल तर शिवणीच्या लाकडाचं पाऊल करायचं आणि रानजाईच्या राईत झाडाला बांधायचं. ते पावसात कुजतं, म्हणून दर वर्षी नवं करायचं. गावाने शालनताईंच्या नावाने आजवर सोळा पावलं केली. चौदा मास्तरांच्या देखत आणि दोन मास्तर गेल्यावरही, कारण नवस मास्तरांचा नव्हता, गावाचा होता. बरं झालेल्या माणसाने स्वतः येऊन आपल्या हाताने झाडावरचं जुनं पाऊल सोडवायचं, नवं देवीपुढे ठेवायचं आणि म्हणायचं, 'पाय दुखत होता, आता बरा आहे.' तिथे खोटं बोललेलं खपत नाही. हे शालनताईंना बबन झोरेने अगदी गंभीरपणे सांगितलं, आणि बबन काही अडाणी नाही, वनरक्षक आहे, अंगावर सरकारी खाकी घालतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आज सकाळी बबनने त्यांना सडा दाखवायला नेलं आणि वाटेत विचारलं, वैनी, तुम्ही पालीला भेता ना? तुम्हाला कॉफी बिनसाखरेची लागते ना? कपड्यांच्या घड्या घालताना तुम्ही गुणगुणता ना? हे शेवटचं तर शालनताई स्वतःच विसरल्या होत्या. शेजारच्या बिऱ्हाडाला वीस वर्षांत जे ठाऊक नाही ते इथल्या खाकीतल्या माणसाला पाठ. परत आल्यावर ठकूबाईने यंदाचं पाऊल काढून दाखवलं. मास्तरांनी कागदावर काढून दिलेल्या मापाचं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब, करंगळी आत वळलेली. शालनताईंनी आपल्या पायाकडे बघितलं आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

आणि वर ठकूबाई भाकरी थापता थापता सहज म्हणाली की मास्तर गेल्यापासून तीनदा सपनात आले, चांगले खुशीत होते. तीनदा. शालनताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. लग्नाच्या बायकोच्या स्वप्नात सोळा महिन्यांत एकदा डोकावायला सवड झाली नाही आणि इकडे मात्र तीन फेऱ्या. तेव्हाच ते वाक्य ठरलं. तुमचा मास्तर मी आज तुमच्याकडून काढून घेते की नाही बघा.

ठकूबाई हुश्श करते. कोंबडी कुरकुरते. कुरकुर लांबत जाते आणि तिचा ब्लेडने पेन्सिल तासल्याचा आवाज होतो. पडवीच्या खांबाला टेकून मुकुंदराव पेन्सिलीला टोक काढत बसलेत. तासलेला भुसा धोतरावर पडतोय. आयुष्यात त्यांनी धोतर नेसलं नाही, पण ते शोभतंय.

"जागी आहेस?" ते विचारतात.

"झोपलेय. जागी असते तर तुम्ही दिसला असतात का?"

त्यांना हे पटलेलं दिसतं. ते पेन्सिल डोळ्यासमोर धरून टोक बघतात. शालनताईंना वाटतं आता आपण रडू, पण येतो तो रागच.

"ठकूबाईकडे तीनदा गेलात. माझ्याकडे यायला काय झालं होतं?"

"आलो होतो. तू ती अर्धी गोळी घेऊन झोपतेस. दार वाजवून वाजवून परत गेलो."

हे खरं आहे. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी त्या रोज रात्री घेतात, फक्त दुपारी नाही. शालनताई उठून उभ्या राहतात. पायात काही नाही. पडवीची पायरी उतरतात ती थेट सांगलीच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर डबे ओळीत आहेत, नळ गळतोय, खिडकीतून सड्यावरचं गवत आत वाकून बघतंय. मागचं दार असायचं तिथे अभयारण्याचं फाटक आहे आणि फाटकाशी टेबल टाकून बबन झोरे नोंदवही उघडून बसलाय.

"किती माणसं?" बबन विचारतो.

"तीन," मुकुंदराव म्हणतात.

शालनताई मागे बघतात. मागे कुणी नाही, नुसती गॅसवरची दुधाची पातेली आहे. पण बबनने तीन लिहिलेसुद्धा, आणि फाटक उघडलंय.

आत झाडी दाट आहे आणि तरी उजेड शाळेच्या व्हरांड्यातल्यासारखा सपाट आहे. झाडांच्या खोडांवर मुलांची चित्रं टाचण्यांनी लावलीत. डोंगर, मधून सूर्य, एक नदी, एक घर. मुकुंदराव चालताना एखादं चित्र सरळ करतात. शालनताई त्यांच्या मागून चालतायत आणि सोळा महिने साठवलेलं बोलतायत, म्हणजे बोलायला सुरुवात करतायत, कारण नेमकं काय साठवलं होतं ते शब्दात यायला वेळ लागतो. शेवटी एकच निघतं.

"मी पांगळी आहे असं का सांगितलंत?"

मुकुंदराव थांबत नाहीत, पण चाल मंदावते. पहिल्या वर्षी तुला चल म्हटलं होतं, ते म्हणतात, तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं का? शालनताईंना आठवतं. डोंगरात काय ठेवलंय, दगड आणि धोंडे, असं म्हणाल्या होत्या, भाजी निवडता निवडता, वर न बघता. मग ते एकटे आले. रात्री ठकूबाईने जेवायला वाढलं आणि विचारलं, मालकिणीला का नाही आणलं? तिला यायचं नव्हतं, हे सांगायची त्यांना लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, पाय अधू आहे. एकदा निघालं ते निघालं. पुढच्या वर्षी शालनताई आपणहून येते म्हणाल्या, तेव्हा इथे झाडाला पाऊल बांधलेलं होतं.

"मग बिबट्या आणलात."

"मग बिबट्या आणला," ते कबूल करतात.

एवढंच होतं तर. शालनताईंना हसू यायला हवं, कारण चौदा वर्षं उरावर घेतलेली सवत म्हणजे एक साधी थाप निघाली. पण हसू फुटायच्या आत झाडी संपते आणि सडा लागतो. काळा कातळ, त्यात साचलेलं पाणी, आणि सगळीकडे बोटभर उंचीची जांभळी फुलं, सकाळी बबनने दाखवली त्याच्या शंभरपट. आणि पलीकडून एक डोली येते.

आजारी माणसाला डोंगरातून खाली न्यायला असते तशीच डोली. लांब वासा, त्याला बांधलेली गोधडी, पुढे दोघे आणि मागे दोघे. खांदा देणाऱ्यांत ठकूबाईचा मालक आहे, बबनही आहे, फाटक सोडून इतक्यात इथे कसा आला कोण जाणे. गोधडीत एक बाई बसलीय. गुडघ्यांवर शाल. केस काळे, अंगाने जरा भरलेली, चेहऱ्यावर असं सुख की बघवत नाही. ती शालनताईच आहे.

मुकुंदराव चटकन तिच्या बाजूला जातात. डोलीबरोबर चालायला लागतात. वाकून एक फूल दाखवतात, डोलीतली विचारते हे कोणतं, ते सांगतात. ती विचारते, असंच अजून कुठे असतं का? ते हात लांब करून दाखवतात. दोघांची डोकी जवळ येतात. शालनताई मागे, अनवाणी, कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

कानामागून आली आणि तिखट झाली. ठकूबाईचा राग काहीच नव्हता, गावाचा तर त्याहून काहीच नव्हता. हा जो आता पोटातून वर चढतोय तो खरा. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते शालनताईंना साठाव्या वर्षी कळतं, आणि तेही स्वतःच्याच रूपाकडे बघून. त्या धावत जाऊन नवऱ्याची बाही ओढतात.

"ही कोण?"

"ही तूच."

"मी नाही ही."

"बरं, तू नाहीस," ते म्हणतात. त्यांना वाद नकोय. त्यांना कधीच वाद नको असायचा, त्यानेच तर डोकं फिरायचं.

"तिच्यात असं काय आहे?"

मुकुंदराव विचार करतात. फुलाला हिरवा रंग किती आणि पिवळा किती, असा विचार करताना करायचे तसाच चेहरा. "ती विचारते," ते म्हणतात.

"काय विचारते?"

"आज काय काढलंत म्हणून."

सड्यावर वारा आहे, पण फुलं हलत नाहीत. मी विचारायचे की, असं शालनताईंच्या जिभेवर येतं आणि तिथेच राहतं. एकतीस वर्षांत किती चित्रं, किती वह्या, किती गुंडाळ्या. त्या गुंडाळ्यांवरची धूळ त्यांनी झटकलीय, त्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय, पण उघडून? उघडून एकही नाही. मग त्यांना एकदम तूही काही कमी नव्हतास असं वाटतं आणि रागाच्या भरात, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्या नवऱ्याला एकेरीत हाक मारतात.

"तू कधी दाखवलंस? आलास की बांधून माळ्यावर. मी काय चोर होते?"

"नाही दाखवलं. खरंय. तू वर न बघता छान आहे म्हणशील, याची भीती वाटायची. हिची नाही वाटत." ते डोलीकडे बघतात. "ही मीच केलेली आहे. मला हवं तेच विचारते. आणि गाव रोज तिची चौकशी करायचं. वैनी काय खाते, वैनी काय म्हणते. मी सांगत बसायचो. घरी तू समोर असायचीस, पण तुझ्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं ना."

शालनताई हे ऐकतात. ऐकून बरं वाटायला हवं. वाटतही असेल कुठेतरी, पण त्याच्या वर अजून जळतंच आहे. पाली, कॉफी, घड्या घालतानाचं गुणगुणणं, सगळं त्यांचं आणि सगळं नेऊन या गोधडीतल्या बाईच्या अंगावर चढवलेलं. आपलं लुगडं दुसरीने नेसून आपल्यासमोर मिरवावं तसं.

"आज देवीपुढे मी सगळं सांगणार आहे," त्या म्हणतात. "यांना कळू दे तुम्ही कसे होतात."

"सांग."

"सांग म्हणजे?"

"खोटं माझं आहे, त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. फक्त ती सोळा पावलं खोटी नाहीत, शालन. शेवटची दोन तर मी गेल्यावर केली. तू गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचीस ना, तेव्हा इथे एक म्हातारा तुझ्यासाठी लाकूड तासत होता. पांगळी कुणी नव्हतीच म्हटल्यावर ती कुणासाठी केली, ते त्याला काय सांगशील?"

घोटून घोटून धार आणलेलं वाक्य शालनताई मनात शोधतात आणि ते तिथे आहे, पण ते कुणावर चालवायचं तेच कळेनासं होतं. एवढ्यात डोली पुढे निघते. मुकुंदराव तिच्याबरोबर निघतात. मागे वळूनही बघत नाहीत, चित्र काढायला बसले की मागे कोण उभं आहे ते जसं त्यांना कळायचं नाही तसं.

"अहो," शालनताई हाक मारतात. "थांबा."

डोली करवंदीच्या जाळ्यांमागे जाते. शालनताई पळतात. साठीची बाई अनवाणी कातळावरून पळते, पाण्यात पाय पडतो, गवतात पडतो, जाळीत घुसते, पदर अडकतो, तो ओढून सोडवते आणि उजव्या टाचेत काहीतरी कच्चकन शिरतं. आई गं. त्या तिथेच बसतात. पाय टेकवत नाही. जाळीपलीकडे बोलण्याचे आवाज लांब जातायत, तिने काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. शालनताईंना आता राग येत नाही, नुसती भीती वाटते. हा माणूस दुसऱ्यांदा जातोय आणि या वेळीही आपण बसूनच बघतोय.

"मलाही चालता येत नाही हो," त्या ओरडतात.

आवाज थांबतात. जाळी हलते. मुकुंदराव परत येतात, धोतराचा सोगा काट्यांतून सोडवत, आणि कातळावर मांडी घालून बसतात. त्यांच्या मागे डोली खाली टेकवलेली आहे आणि गोधडी रिकामी आहे. खांदेकरी बाजूला तंबाखू मळत उभे आहेत, जणू रिकामीच वाहून आणली होती.

"बघू," ते म्हणतात.

शालनताई पाय पुढे करतात. ते तो मांडीवर घेतात. काट्याकडे बघत नाहीत, आधी पायाकडे बघतात. फूल काढण्याआधी बघायचे तेवढा वेळ. अंगठा, त्याच्यापेक्षा लांब बोट, आत वळलेली करंगळी. कधी बघितलं असेल याने इतकं? आपण झोपेत असताना? घड्या घालत असताना?

"उपटू का?" ते विचारतात.

"राहू दे थोडा वेळ."

"दुखेल."

"दुखू दे."

ते पाय तसाच धरून बसतात. त्यांच्या हाताला पेन्सिलीचा वास आहे. पाणी कातळावर हळूच पुढे सरकतं, त्यात सांगलीच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, मग दिसत नाही. आता विचारलं नाही तर कधीच नाही, हे शालनताईंना स्वच्छ कळतं. शब्द अगदी साधे आहेत आणि तरी ते तोंडातून काढताना लाज वाटते, नव्या नवरीसारखी.

"आज काय काढलंत?"

मुकुंदराव त्यांच्याकडे बघतात. सगळा चेहरा उजळतो. एक हात पायावर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने ते मागून वही ओढतात. "दाखवतो," ते म्हणतात. "नीट बघ हं." आणि पान उलटायला बोट घालतात.

"वैनी, उठा की. ऊन कललं."

खांद्यावर हात आहे, तो ठकूबाईचा. पडवी आहे, तांब्या आहे, खांबाला कुणी टेकलेलं नाही. शालनताईंना या बाईच्या हातावर चापट मारावीशी वाटते. एक पान उलटायचं राहिलं होतं, एक पान, आणि या बयेला नेमकी तेव्हाच उठवायची घाई. पण आयुष्यभर त्या कुणाशी असं वागल्या नाहीत, म्हणून नुसत्या उठून बसतात आणि उभं राहायला जातात.

उजवी टाच टेकते आणि कळ डोक्यात जाते.

"काय झालं वो?" ठकूबाई खाली बसते, पाय हातात घेते. टाचेत काळ्या टोकाचा करवंदीचा काटा अर्ध्यापर्यंत रुतलाय, बाहेरचा भाग ओला हिरवा, आताच झाडावरून आल्यासारखा. भोवती रक्ताचा थेंब. ठकूबाई घोंगडी झटकून बघते, पडवी बघते. सकाळी सड्यावर गेल्या तेव्हा वैनींच्या पायात बूट होते, मोजे होते, हे तिने स्वतः बघितलंय, तिनेच तर ते परत आल्यावर बाहेर उन्हात ठेवले. करवंदीची जाळी इथून अर्ध्या तासावर.

ती कनवटीची सेफ्टी पिन काढते, टाचेची कातडी हलक्या हाताने बाजूला करते आणि काटा चिमटीत धरून ओढते. कळ जाते. ठकूबाई काटा तळहातावर घेऊन उलटापालटा करते, मग शालनताईंच्या तोंडाकडे बघते. कालपासून न दिसलेलं काहीतरी तिच्या डोळ्यांत येतं आणि शालनताई ते लगेच ओळखतात. त्या त्यातल्या जुन्या जाणकार आहेत.

"मास्तर आल्ते व्हय?"

"आले होते."

"मला तीनदा दिसलं, पर कवा काय दिलं न्हाई त्यांनी," ठकूबाई म्हणते. आवाज बारीक झालेला.

शालनताईंना तिची दया येते, आणि दयेखाली बरंही वाटतं, चांगलंच बरं वाटतं. अंगणात माणसं जमलीत. बबन कुणाला तरी राईकडच्या वाटेवर पुढे व्हायला सांगतोय. एक म्हातारा, ठकूबाईचा मालक, नुकतंच तासलेलं पाऊल फडक्यात गुंडाळून काखेत धरून उभा आहे आणि पडवीकडे बघतोय. त्याच्या हातांना शिवणीच्या लाकडाचा पिवळा भुसा अजून चिकटलेला आहे.

"देवीम्होरं काय बोलायचं ते ध्यानात हाय न्हवं?" ठकूबाई विचारते. "तितं खोटं चालत न्हाई बगा."

शालनताई पाय पुन्हा जमिनीला टेकवून बघतात. थोडं चुणचुणतं, पण भार पेलतोय.

"पाय दुखत होता," त्या सावकाश म्हणतात, एकेक शब्द तपासून. "आता बरा आहे."

ठकूबाई मान हलवते आणि काटा चुलीत टाकायला उठते. शालनताई तिचं मनगट धरतात.

"तो इकडे द्या."

"काटा? काटा कशापायी ठिवता, वैनी?"

"तो माझा आहे," शालनताई म्हणतात, आणि काटा पदराच्या टोकात ठेवून गाठ मारतात.